समदुःखितांच्या सभा

'जावें त्याच्या वंशा तेव्हां कळे' ही म्हण आपल्या घरांत बहुधा टोमणा म्हणून वापरली जाते. सून ती मनांतल्या मनांत सासूला ऐकवते, धाकटा भाऊ वडील भावाला उघड ऐकवतो, आणि बोलणें तेथेंच खुंटतें. परंतु या म्हणींत जें सत्य आहे, त्याच्या पायावर एक सबंध उपचारपद्धति उभी राहूं शकेल, असें कोणाच्या ध्यानींमनीं आलें नसेल. ज्यानें एखादें दुःख भोगलें आहे त्यानें तेंच दुःख भोगणाऱ्या दुसऱ्यापुढें बसावें, आपली हकीकत सांगावी, त्याची ऐकून घ्यावी, आणि एवढ्यानें दोघांचेंहि ओझें थोडें हलकें व्हावें, असा हा उपचार आहे. यांत वैद्य नाहीं, काढा नाहीं, फी नाहीं. ज्यांचें मूल दगावलें अशा आईबापांच्या, कर्करोगांतून उठलेल्या माणसांच्या, जुगाराच्या नादानें धुळीला मिळालेल्या गृहस्थांच्या, अशा नाना प्रकारच्या मंडळींच्या सभा आज ठिकठिकाणीं भरत असतात. या सर्वांची वडील बहीण शोभेल अशी जी एक संस्था, तिचीच हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

१९३५ सालची गोष्ट. अमेरिकेच्या ओहायओ संस्थानांत अॅक्रन नांवाचें, रबरी टायरांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असें शहर आहे. तेथील मेफ्लॉवर हॉटेलाच्या दिवाणखान्यांत ११ मे रोजीं, शनिवारीं, एकोणचाळीस वर्षांचा एक गृहस्थ येरझारा घालीत होता. त्याचें नांव विल्यम विल्सन; ओळखीचे लोक त्याला बिल म्हणत. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत त्यानें एके काळीं चांगला पैसा मिळविला होता आणि दारूपायीं तो सगळा घालविलाहि होता. रुग्णालयाच्या वाऱ्या करून करून अखेर १९३४ च्या डिसेंबरांत त्याची दारू सुटली होती. एका कंपनीचा कारभार हातीं घेण्याच्या खटपटीसाठीं तो अॅक्रनला आला, ती खटपट फसली, सोबती निघून गेले, आणि परक्या गांवांत खिशांत जेमतेम दहा डॉलर घेऊन तो एकटा उरला. दिवाणखान्याच्या एका टोकाला मद्यालय होतें. तेथून हंसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि त्याच्याजवळ शहरांतील चर्चांची यादी लावलेली होती.

पांच महिन्यांच्या संयमाची कसोटी लागावयाची ती याच घटकेला. बिलची पावलें टेलिफोनकडे वळलीं. त्यानें एका धर्मगुरूला गांठून जी विनंति केली ती ऐकून तो भला माणूस चकित झाला असला पाहिजे. 'मला कोणी उपदेशक नको, डॉक्टर नको. या गांवांत माझ्यासारखा एखादा मद्यपी असेल तर त्याची गांठ घालून द्या,' असा त्या विनंतीचा आशय होता. धर्मगुरूनें कांहीं नांवें दिलीं. एकामागून एक फोन करतां करतां हेन्रिएटा सायबरलिंग नांवाच्या बाईंपर्यंत तो पोंचला. या बाई टायरांच्या धंद्यांतील एका बड्या घराण्याची सून. त्यांच्या ओळखीचा एक शस्त्रवैद्य, डॉक्टर रॉबर्ट स्मिथ, दारूनें पुरता खालावला होता आणि तो सुटावा म्हणून त्या मनापासून झटत होत्या. त्यांनीं ताबडतोब डॉक्टरांच्या घरीं फोन केला. पण त्या दिवशीं डॉक्टरसाहेब बोलण्याच्या स्थितींत नव्हते. गांठ दुसऱ्या दिवशीं, रविवारीं संध्याकाळीं पांच वाजतां ठरली.

डॉक्टर आले ते नाखुषीनेंच. शुद्धीवर आणण्याचे, समजूत घालण्याचे, शपथा घ्यावयास लावण्याचे सर्व प्रयोग त्यांच्यावर होऊन गेलेले होते. 'पंधरा मिनिटें बसेन, अधिक नाहीं,' असें पत्नीला बजावून ते आंत गेले आणि रात्रीं अकरा वाजून गेल्यावर बाहेर आले. सहा तासांत झालें काय? बिलनें त्यांना एक शब्दहि शिकविला नाहीं. तो फक्त आपली कथा सांगत राहिला: बाटल्या कोठें लपविल्या, बायकोला काय काय थापा मारल्या, सकाळीं हात कसे थरथरत, शपथ मोडतांना मन कोणकोणत्या सबबी पुढें करतें. डॉक्टरांनीं या विषयावरचीं पुस्तकें वाचलेलीं होतीं, मोठमोठ्या माणसांचा उपदेश ऐकलेला होता. परंतु स्वतःच्या अनुभवानें या रोगाविषयीं बोलणारा जिवंत माणूस आपल्याला पहिल्यांदाच भेटला, असें त्यांनीं पुढें लिहून ठेवलें आहे.

म्हणून काय ते त्याच रात्रीं सुधारले? नाहीं. थोड्याच दिवसांत ते वैद्यांच्या एका परिषदेला अटलांटिक सिटीला गेले आणि गाडींत पाय ठेवल्यापासून पुन्हां पिऊं लागले. परत आणून त्यांना अंथरुणावर घालावें लागलें. एक शस्त्रक्रिया ठरलेली होती. त्या सकाळीं हात स्थिर राहावा म्हणून बिलनेंच त्यांना बियरची एक बाटली दिली. (ज्या रोग्यावर ती सुरी चालली त्याला ही गोष्ट कधीं कळली कीं नाहीं, कोण जाणे!) ती बाटली शेवटची ठरली. १० जून १९३५ ही तारीख ही मंडळी आपल्या संस्थेची जन्मतिथि मानतात. लौकरच त्या दोघांनीं अॅक्रनच्या रुग्णालयांत खाटेला बांधून ठेवलेला एक वकील गांठला. नर्सबाईंवर हात टाकल्यामुळें त्याला बांधावें लागलें होतें. तो तिसरा. चार वर्षांत ही संख्या शंभरावर गेली आणि १९३९ सालीं 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', म्हणजे अनामिक मद्यपी, या नांवाचें पुस्तक निघालें. पुस्तकाचें नांव तेंच संस्थेचें झालें, पुढें ए. ए. या दोन अक्षरांनींच ती ओळखली जाऊं लागली. १९४१ च्या मार्चमध्यें अमेरिकेंतील एका मोठ्या खपाच्या साप्ताहिकांत तिच्यावर लेख आला आणि दोन हजारांच्या आसपास असलेली सभासदसंख्या वर्षअखेर आठ हजारांच्या घरांत गेली.

या हकीकतींत एक मुद्दा असा आहे कीं तो सहज नजरेंतून निसटतो. अॅक्रनला येण्यापूर्वीं बिल न्यूयॉर्कमध्यें पांच महिने मद्यप्यांच्या मागें लागलेला होता. रुग्णालयांतून आणि रस्त्यांतून त्यांना गोळा करून तो घरीं आणी, जेवूं घाली, आपल्याला झालेला ईश्वरी साक्षात्कार त्यांना ऐकवी. त्यांतला एकहि सुधारला नाहीं. तो खचून गेला तेव्हां त्याच्या पत्नीनें, लोइसनें, त्याला आठवण करून दिली कीं दुसरा कोणी सुधारला नसला तरी तूं स्वतः प्यायलेला नाहींस ना! आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर सिल्कवर्थ यांनीं त्याचे कान उपटले: प्रवचन बंद कर, आधीं आपल्या दुखण्याविषयीं बोल. अॅक्रनला तो पहिल्यांदाच दुसऱ्याला तारण्यासाठीं गेला नव्हता. स्वतः बुडूं नये म्हणून गेला होता. त्या सहा तासांचें सर्व रहस्य यांत आहे. उपकार करावयास आलेल्या माणसापुढें दुखणाईत माणूस ताठर होतो. परंतु 'माझी गरज म्हणून आलों आहें' असें जो म्हणतो त्याच्यापुढें ताठरपणा दाखविण्याचें कारणच उरत नाहीं. १९६५ सालीं फ्रँक रीसमन या अमेरिकन शास्त्रज्ञानें या गोष्टीची तात्त्विक मांडणी केली. मदत घेणाऱ्यापेक्षां मदत करणाऱ्याला पुष्कळदां अधिक लाभ होतो, असें त्याच्या सिद्धान्ताचें सार. शाळेंत कच्च्या मुलाला गणित समजावून द्यावयास दुसरा मध्यम प्रतीचा मुलगाच बसविला तर त्या दुसऱ्याचें गणित पक्कें होतें, हा अनुभव आपल्या जुन्या पंतोजींनाहि होता; फक्त त्यांनीं त्यावर निबंध लिहिला नाहीं.

आतां प्रत्यक्ष सभा कशी चालते तें पाहूं. जागा म्हणजे बहुधा चर्चचें तळघर, शाळेचा रिकामा वर्ग, नाहीं तर एखाद्या समाजमंदिराची खोली. वीस-पंचवीस खुर्च्या, कोपऱ्यांत चहाचें भांडें. वेळ तासाभराची किंवा दीड तासाची, आणि ती कसोशीनें पाळली जाते. अध्यक्ष असतो, पण तो त्या दिवसापुरता. गेल्या आठवड्यांत दुसरा होता, पुढच्या आठवड्यांत तिसरा असेल. बोलणारा उठतो, आपलें पहिलें नांव सांगतो, आणि 'मी मद्यपी आहें' असें म्हणतो. आडनांव नाहीं, हुद्दा नाहीं, जात नाहीं, पगार नाहीं. आपल्याकडे दोन अनोळखी माणसें आगगाडींत भेटलीं तर पहिल्या पांच मिनिटांत ज्या गोष्टींची चौकशी होते, त्या सर्व येथें दाराबाहेर ठेवावयाच्या असतात. मग तो आपली हकीकत सांगतो. पूर्वीं काय होतें, काय घडलें, आतां कसें आहे. 'मी' म्हणून बोलावयाचें, 'तुम्ही असें करा' म्हणून नव्हे. तो बोलत असतां कोणी प्रश्न विचारीत नाहीं, कोणी खोडून काढीत नाहीं, कोणी कींवहि करीत नाहीं. झालें कीं सगळे आभार मानतात आणि दुसरा उठतो.

प्रथम ऐकणाऱ्याला हा प्रकार पोरकट वाटतो. एवढें बोलून काय होणार? पण नव्यानें आलेल्या माणसाच्या जागीं क्षणभर बसून पाहावें. त्याला खात्री असते कीं आपण केलेलीं दुष्कृत्यें जगांत दुसऱ्या कोणी केलेलीं नाहींत. मुलीच्या शाळेच्या फीचे पैसे गुत्त्यांत गेले, आईच्या श्राद्धाच्या दिवशीं आपण गटारांत सांपडलों, ही गोष्ट त्यानें कोणाजवळहि उच्चारलेली नसते. आणि येथें स्वच्छ कपडे घातलेला, नीट दाढी केलेला एक गृहस्थ शांतपणें, थोडेंसें हंसूनहि, तीच गोष्ट सांगत असतो. लाजेचा जो दगड त्याच्या उरावर असतो तो येथें पहिल्यांदा हलतो. शिवाय तो गृहस्थ सांगतो कीं त्याला आठ वर्षें झालीं. डॉक्टर जेव्हां 'दारू सुटूं शकते' असें म्हणतो तेव्हां तें मत असतें. हा म्हणतो तेव्हां तो पुरावा असतो.

आणखी एक युक्ति ही मंडळी वापरतात, तिला आपल्याकडच्या व्रतवैकल्यांशीं ताडून पाहण्यासारखें आहे. आपल्याकडे शपथ घ्यावयाची ती जन्माची. देवाच्या पायावर हात ठेवून 'आजपासून कधींहि नाहीं'. आणि ती मोडली म्हणजे सर्वच मोडलें. येथें जन्माची भाषा कोणी करीत नाहीं. फक्त आजचा दिवस. उद्यांचें उद्यां. तीस दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस झाले कीं अनेक ठिकाणीं एक लहानसें पदक हातीं ठेवतात; वर्ष झालें कीं वाढदिवस करतात. मध्येंच कोणी घसरला तर त्याला कोणी हांकलून देत नाहीं. तो परत येतो आणि पहिल्या दिवसापासून मोजूं लागतो. प्रत्येक नव्या माणसाला जुन्यांपैकीं एक जण वाटाड्या म्हणून मिळतो. त्याचें काम इतकेंच कीं रात्रीं दोन वाजतां घसा कोरडा पडून फोन आला तरी उचलावयाचा.

जे बारा टप्पे म्हणून प्रसिद्ध आहेत त्यांची यादी येथें देण्याचें कारण नाहीं. एवढें सांगितलें म्हणजे पुरे कीं त्यांत आपल्या दोषांचा लेखी झाडा घेणें आहे, तो दुसऱ्या एका माणसासमोर वाचणें आहे, आणि आपण ज्यांचें नुकसान केलें त्यांची यादी करून शक्य तेथें भरपाई करणें आहे. या शेवटच्या टप्प्याला जोडलेली एक अट मोठी समंजस आहे: भरपाई करण्यानें जर त्या माणसाला अधिक दुखापत होणार असेल तर ती करूं नये. स्वतःचें मन हलकें करण्यासाठीं दुसऱ्याच्या संसारांत नवी आग लावणारे पश्चात्तापी लोक जगांत थोडे नाहींत.

अशा मंडळींची नासाडी बाहेरून होत नाहीं, आंतून होते. याचा दाखला अमेरिकेच्याच इतिहासांत आहे. १८४० सालीं बाल्टिमोर शहरांत एका गुत्त्यांत जमणाऱ्या सहा मित्रांनीं दारू सोडण्याची शपथ घेतली आणि आपल्यासारख्यांना आपल्या कथा सांगण्यास सुरुवात केली. वॉशिंग्टनच्या नांवानें त्यांनीं मंडळ काढलें. तें वणव्यासारखें पसरलें. १८४२ च्या फेब्रुवारींत स्प्रिंगफील्ड येथें त्यांच्या सभेपुढें अब्राहम लिंकनचें व्याख्यान झालें. आणि दहा वर्षांच्या आंत तें नाहींसें झालें! कारण त्यांत राजकारण शिरलें, दारूबंदीच्या कायद्याचे वाद शिरले, व्याख्यानें देऊन नांव मिळविणारे शिरले. दोन मद्यप्यांनीं समोरासमोर बसण्याचें मूळ काम मागें पडलें.

ए. ए. च्या मंडळींनीं या गोष्टीपासून आपला बचाव मोठ्या चतुराईनें केला, आणि त्यांत एका धनिकाच्या नकाराचा वांटा आहे. १९३८ सालीं बिल आणि त्याचे मित्र धाकटे जॉन रॉकफेलर यांच्याकडे मोठ्या देणगीच्या आशेनें गेले होते. त्यांच्या डोळ्यांपुढें रुग्णालयें आणि पगारी प्रचारक तरळत होते. रॉकफेलरनीं पांच हजार डॉलर दिले आणि अधिक पैसा हें काम बिघडवील असें सांगितलें. त्या वेळीं मंडळी हिरमुसलीं. पुढें तोच त्यांचा नियम झाला. १९४६ सालीं लिहून काढलेल्या आणि १९५० सालीं क्लीव्हलंड येथील परिषदेंत मान्य झालेल्या नियमांत असें आहे कीं बाहेरची देणगी घ्यावयाची नाहीं; सभासदांनींच टोपी फिरवून खर्च भागवावयाचा. कोणत्याहि सार्वजनिक वादांत मत द्यावयाचें नाहीं. सभासद होण्यास एकच अट, दारू सोडण्याची इच्छा. आणि वर्तमानपत्रांत, आकाशवाणीवर, चित्रपटांत सभासदानें आपलें पुरें नांव देऊं नये. या शेवटच्या नियमाचें एक कारण अब्रू राखणें हें आहेच. पण दुसरें अधिक खोल आहे. नांव झालें कीं माणूस पुढारी होतो, पुढारी झाला कीं सभा त्याची होते, आणि तो घसरला कीं सभाहि त्याच्याबरोबर घसरते. १९५४ सालीं येल विद्यापीठानें बिलला सन्माननीय पदवी देऊं केली तेव्हां त्यानें ती नाकारली. आपल्याकडे एखादें मंडळ दहा वर्षें चाललें कीं संस्थापकाचा पुतळा कोठें बसवावा यावर दोन तट पडतात, हें लक्षांत घेतां या नकाराची किंमत कळते. बिल १९७१ सालीं वारला तो फुप्फुसाच्या विकारानें. त्यानें दारू सोडली, पण तंबाखूनें त्याला पुष्कळ वर्षें सोडलें नाहीं.

हिंदुस्थानांत ही सभा पोंचली ती १९५७ सालीं, मुंबईंत. काळ ध्यानांत घेण्यासारखा आहे. मुंबई राज्यांत त्या वेळीं दारूबंदी होती. १९४९ चा कायदा अमलांत येऊन दुकानें बंद झालीं होतीं. दारूबंदीच्या शहरांत दारू सोडणाऱ्यांची सभा कशाला, असा प्रश्न एखादा भोळा माणूस विचारील. अमेरिकेंतहि १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती, आणि बिल काय किंवा डॉक्टर स्मिथ काय, दोघांनाहि त्या तेरा वर्षांत पेला कधीं कोरडा ठेवावा लागला नाहीं. दुकानाला कुलूप घालणें सरकारच्या हातीं आहे, तृष्णेला नाहीं. मुंबईंतून ही सभा हळूहळू इतर शहरांत गेली, आणि आज अनेक ठिकाणीं तिचें कामकाज मराठींतहि चालतें.

महाराष्ट्रानें या कल्पनेला स्वतःचेंहि एक रूप दिलें. १९८० नंतरच्या दशकांत गर्द नांवाचें विष तरुण मुलांत पसरूं लागलें. डॉक्टर अनिल अवचट यांनीं त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झालीं आणि त्यांनीं द्रव्यसाहाय्य देऊं केलें. अवचटांच्या पत्नी डॉक्टर अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यास येरवडा येथें 'मुक्तांगण' सुरू झालें. येथें डॉक्टर आहेत, औषध आहे, ठराविक मुदतीचा निवास आहे, म्हणजे ए. ए. पेक्षां ही संस्था निराळी. परंतु व्यसनांतून बाहेर पडलेले लोकच तेथें नव्या रुग्णांना सांभाळतात, आणि गटांत बसून बोलणें हा तेथील उपचाराचा गाभा आहे. नवा मुलगा आल्या आल्या कुरबूर करूं लागला तर त्याला समजावयास जो येतो तो बहुधा कांहीं वर्षांपूर्वीं त्याच खाटेवर तशीच कुरबूर करून गेलेला असतो.

एवढें वाचून कोणी असें समजूं नये कीं सभेंत नेऊन बसविलें कीं काम झालें. अनेक वर्षें रोज भरपूर पिणाऱ्यानें दारू एकाएकीं तोडली तर हातपाय कांपतात, भास होतात, झटके येतात, प्रसंगीं मृत्युहि ओढवतो. पहिले कांहीं दिवस डॉक्टरांच्या नजरेखालींच काढले पाहिजेत. हें काम सभेचें नव्हे. दुसरें, पुष्कळ जण एक-दोनदां येतात आणि पुन्हां तोंड दाखवीत नाहींत. ज्याला बायकोनें किंवा साहेबानें ढकलून पाठविलें तो कोपऱ्यांत बसून घड्याळ पाहतो. कोणाला ईश्वराचा उल्लेख खटकतो. बारा टप्प्यांत ईश्वर आहे, परंतु 'आम्हांला तो जसा समजला तसा' एवढी सवड मूळच्या मंडळींतील नास्तिकांनीं भांडून घातलेली आहे, आणि तिच्यामुळें हिंदु, मुसलमान, बौद्ध अशा सर्वांना या खोलींत जागा झाली. तरीहि कोणाचें समाधान होत नाहीं. अशांसाठीं ईश्वराचें नांव न घेणाऱ्या निराळ्या मंडळ्या निघाल्या आहेत. बायकांना पुरुषांच्या सभेंत मोकळेपणीं बोलतां येत नाहीं म्हणून १९७५ सालीं जीन कर्कपॅट्रिक या बाईंनीं बायकांपुरती वेगळी संस्था काढली, तीहि योग्यच.

शास्त्रज्ञांचें मत काय? पुष्कळ वर्षें तें सावध होतें. २००६ सालच्या एका समालोचनांत निर्णायक पुरावा नाहीं असें म्हटलें होतें. २०२० सालीं कॉक्रेन या नामांकित संस्थेनें सत्तावीस अभ्यास आणि १०,५६५ माणसें यांचा आढावा प्रसिद्ध केला. पूर्ण दारू सोडून राहण्याच्या बाबतींत, पद्धतशीर रीतीनें सभेशीं जोडून दिलेलीं माणसें इतर प्रस्थापित मानसोपचार घेतलेल्यांपेक्षां कांहींशीं सरस ठरलीं. जो उपचार टोपींत पडलेल्या नाण्यांवर चालतो त्यानें तज्ज्ञांच्या बरोबरीस यावें, हा निकाल कमी प्रतीचा नाहीं. संस्थेच्या स्वतःच्या अंदाजानें आज १८० हून अधिक देशांत मिळून तिचे सुमारें वीस लाख सभासद आहेत. अर्थात् जेथें नांवच लिहून घेत नाहींत तेथें शिरगणती अंदाजानेंच व्हावयाची.

घरांत पिणारा एक असतो आणि भोगणारे पांच असतात. हें बिलच्या पत्नीच्या ध्यानांत आलें. नवरे आंत सभेला बसत आणि बायका बाहेर ताटकळत. त्यांचेंहि बोलणें सुरू झालें, आणि त्यांतून १९५१ सालीं अल-अॅनन नांवाची नातलगांची संस्था लोइसनें उभी केली. मुक्तांगणांतहि 'सहचरी' या नांवानें पत्नींचा गट चालतो. या सभांत बाईला प्रथम जें सांगितलें जातें तें आपल्या संस्कारांच्या अगदीं उलट आहे. नवऱ्याची दारू तिच्यामुळें लागली नाहीं. ती आवरणें तिच्या हातीं नाहीं. त्याला बरें करणेंहि तिच्या हातीं नाहीं. वर्षानुवर्षें सासरमाहेर दोन्हींकडून 'तूंच नीट वागली असतीस तर' हें ऐकलेल्या बाईला हीं तीन वाक्यें ऐकून रडूं कोसळलें तर नवल नाहीं. मग व्यवहाराच्या गोष्टी येतात. तो कामावर गेला नाहीं तर 'ताप आला आहे' असा खोटा निरोप साहेबाला कां पाठवावा? त्याचें गुत्त्याचें देणें दागिने मोडून कां फेडावें? मुलांना 'बाबांना बरें नाहीं' असें सांगून कां फसवावें? ही सारी माया त्याचा पुढचा पेला सुकर करते, हें दुसऱ्या बायकांच्या तोंडून, त्यांच्या स्वतःच्या मोडलेल्या दागिन्यांच्या हिशेबानिशीं ऐकलें म्हणजे पटतें. भावानें किंवा वकिलानें सांगितलें तर पटत नाहीं. नवरा प्यावयाचा थांबला नाहीं तरी ती या सभेला येत राहते. कित्येकींच्या बाबतींत तो कधींच थांबत नाहीं, आणि तिनें शिवणाचें काम धरून मुलांचें शिक्षण पार पाडलें, एवढीच काय ती त्या कथेची जमेची बाजू असते.

माणसानें माणसासमोर बसलेंच पाहिजे काय, हाहि प्रश्न जुना आहे. मालवाहू जहाजांवरील खलाशी, दूरच्या बेटांवरील आणि एकाकी खेड्यांतील सभासद यांना सभा कोठून मिळणार? त्यांच्यासाठीं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारापासून पत्रांनींच सभा भरूं लागली. एकानें आपली हकीकत लिहून धाडावयाची, ती छापून सर्वांना जावयाची, आणि दोन महिन्यांनीं कोणत्या तरी बंदरांत तिचें उत्तर हातीं पडावयाचें. तेवढ्यावर कित्येकांनीं समुद्रावर वर्षेंच्या वर्षें कोरडीं काढलीं. २०२० च्या मार्च महिन्यांत साथीमुळें जगभर सभागृहांना कुलपें लागलीं तेव्हां ही मंडळी थोड्या दिवसांतच टेलिफोनवर आणि पडद्यावर जमूं लागली. दारें बंद, कामधंदा बंद, आणि कपाटांत बाटली, अशी ती वेळ होती. पुण्याचा माणूस घरच्या सज्जांत बसून नागपूरच्या माणसाची हकीकत ऐकूं लागला. परदेशीं नोकरीला गेलेल्या मराठी मुलाला तेथून आपल्या भाषेंतली सभा सांपडली. चहा नाहीं, खांद्यावर हात नाहीं, आणि शेजारच्या खोलींत घरचीं माणसें कान देऊन बसलेलीं, हे त्यांतले दोष. म्हणून सभागृहें उघडल्यावर पुष्कळ जण खुर्च्यांकडे परतले. परंतु अंथरुणाला खिळलेले, तान्हें मूल मांडीवर असलेल्या बाया, आणि ज्यांच्या तालुक्यांत सभाच भरत नाहीं असे लोक अजून पडद्यावरच जमतात. तेथेंहि पहिलेंच नांव सांगतात, एक जण बोलतो तेव्हां बाकीचे गप्प असतात, आणि आरंभीं अध्यक्ष विचारतो कीं आज कोणी पहिल्यांदा आलें आहे काय.